एकाच मॅकवर होमब्रूही आणि मॅकपोर्ट्सही?

प्रश्न: आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक आणि स्मरणिका स्कॅन करून त्यांचा मजकूर शोधता येईल असा करायचं काम सुरू आहे. दोन मॅक आहेत. एक २०१७ चा मॅकबुक एअर, त्यावर माँटेरे (मॅकओएस १२). दुसरा एम४ चिपचा नवा मॅक मिनी. एअरवर पहिल्यापासून होमब्रू (टर्मिनलमधून सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून देणारा पॅकेज मॅनेजर) आहे. मिनी आला तेव्हा मायग्रेशन असिस्टंटने एअरवरचं सगळं तिकडे आणलं. तिथे 'ब्रू इन्स्टॉल' म्हटलं की 'एआरएम प्रोसेसर', 'इंटेल प्रिफिक्स' असं काहीतरी सांगून नकार यायचा. एका मुलाने टर्मिनल रोझेटात (इंटेलसाठीची सॉफ्टवेअर ॲपल चिपवर चालवणारी सोय) उघडायला शिकवलं, तेव्हापासून चालतं, पण रखडत. एअरवर मात्र टेसरॅक्ट (स्कॅनमधला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) अपग्रेड करायला घेतलं तर तास न् तास काहीतरी कंपाइल होत राहतं आणि शेवटी एरर. म्हणून गेल्या महिन्यात त्यावर होमब्रूसारखंच मॅकपोर्ट्स टाकलं. आता '/यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा/' या फोल्डरात मराठीची फाइल उघडता येत नाही, असा संदेश येतो. मिनीवर तिघांची तीन खाती आहेत आणि माझ्याशिवाय कोणालाच काही इन्स्टॉल करता येत नाही, तेही एक. दोन्हींपैकी एकच ठेवायचं तर कोणतं? अशाच कामाच्या फिंकचं नावही वाचलं. – एक वाचक, सांगली

नमस्कार. निकाल आधी सांगतो: एअरवर फक्त मॅकपोर्ट्स, मिनीवर फक्त होमब्रू. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तुमच्याकडे सुदैवाने म्यानं दोन आहेत.

(खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाका. कॅपिटल लागतील तिथे तसं सांगितलं आहे.)

एअरचा आजार होमब्रूच्या धोरणात आहे. होमब्रू मॅकओएसच्या शेवटच्या तीन आवृत्त्यांनाच पूर्ण आधार देतं. २०२४ च्या सप्टेंबरात सिकोया (मॅकओएस १५) आलं आणि माँटेरे त्या तिघांच्या बाहेर पडलं. आधार गेला म्हणजे ब्रू बंद पडत नाही, पण तयार बांधलेली पॅकेजेस, ज्यांना ते 'बॉटल' म्हणतात, ती माँटेरेसाठी बनणं थांबतं. मग प्रत्येक गोष्ट तुमच्या मशीनवर सोर्सपासून कंपाइल होते. टेसरॅक्ट एकटं असतं तर चाललं असतं. त्याला लेप्टोनिका लागतं, पँगो लागतं, पँगोला कैरो आणि हार्फबझ, त्यांना ग्लिब, शिवाय हे सगळं बांधायला सीमेक वगैरे अवजारं. दोन कोअरच्या प्रोसेसरवर हे तासांचं काम आहे.

आणि तास घालवूनही एरर का येतो? ॲपलचा कंपायलर एक्सकोडबरोबर येतो आणि माँटेरेवर चालणारं शेवटचं एक्सकोड १४.२ आहे. नव्या सॉफ्टवेअरला सी++ च्या नव्या प्रमाणातल्या सोयी लागतात; त्या या कंपायलरला माहीत नसतात. होमब्रू तिथे हात टेकतं.

मॅकपोर्ट्सची घडण वेगळी आहे. २००२ मध्ये ते डार्विनपोर्ट्स या नावाने ॲपलच्याच ओपनडार्विन प्रकल्पात सुरू झालं. सुरू करणाऱ्यांत जॉर्डन हबर्ड होते, आणि फ्रीबीएसडीची पोर्ट्सची पद्धत त्यांचीच. त्यामुळे स्वतःची लायब्ररी स्वतः आणायची, मॅकओएसच्या लायब्ररींवर शक्य तितकं कमी अवलंबून राहायचं, हा त्याचा बाणा. जुना कंपायलर पुरत नसेल तर ते आपला नवा क्लँग (हा कंपायलर) उतरवून घेतं आणि त्याने बांधतं. जुन्या मॅकओएससाठीही तयार पॅकेजेस बनवत राहतं. जागा थोडी जास्त खातं, हे खरं. याउलट मॅक्स हॉवेल यांनी २००९ मध्ये होमब्रू सुरू केलं ते नेमकं या जडपणाला कंटाळलेल्यांसाठी: मॅकमध्ये आहे ते वापरा, सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) नको, झटपट काम. नव्या मशीनवर हा स्वभाव फार सोयीचा आहे. जुन्यावर तोच नडतो.

इंटेल मॅकचा प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने २०२५ मध्येच सांगितलं. होमब्रूनेही त्याच वर्षी ५.० आवृत्तीबरोबर इंटेलचा आधार टप्प्याटप्प्याने काढण्याचं जाहीर केलं. तुमच्या एअरवर होमब्रूशी झगडून आज जिंकलात तरी ती लढाई दर अपग्रेडला पुन्हा होणार.

आता त्या 'फाइल उघडता येत नाही' संदेशाकडे. त्यात फोल्डरचा पत्ता दिला आहे आणि उत्तर तिथेच आहे. मॅकपोर्ट्सचं टेसरॅक्ट आपला डेटा '/ऑप्ट/लोकल/शेअर/टेसडेटा' मध्ये शोधतं. तुमचा संदेश '/यूएसआर/लोकल' म्हणतो. ती होमब्रूची जागा. म्हणजे दोनांपैकी एक घडतंय. टर्मिनलमध्ये 'व्हिच -ए टेसरॅक्ट' टाका. पहिली ओळ '/यूएसआर/लोकल/बिन/टेसरॅक्ट' असेल तर अजून होमब्रूचं जुनं टेसरॅक्टच चालतंय आणि मॅकपोर्ट्सचं नुसतं बसून आहे. पहिली ओळ '/ऑप्ट/लोकल/बिन/टेसरॅक्ट' असेल तर 'एको $टेसडेटा_प्रिफिक्स' टाका (डॉलरनंतरचं सगळं कॅपिटलमध्ये). काही छापलं गेलं तर चोर सापडला. टेसरॅक्टच्या एररमध्येच 'हे व्हेरिएबल सेट केलंय का बघा' अशी सूचना असते. ती वाचून लोक आपल्या प्रोफाइल फाइलमध्ये तशी ओळ घालतात, तात्पुरतं भागतं, आणि पुढे टेसरॅक्ट दुसरीकडून आलं तरी ती ओळ जुन्याच फोल्डरकडे बोट दाखवत राहते. '.झेडप्रोफाइल' आणि '.झेडएसएचआरसी' या दोन्ही फाइल उघडून ती ओळ काढून टाका. दोन्ही मॅनेजरना या व्हेरिएबलची गरज नाही.

दोन्ही कारणं नसतील आणि संदेशातला पत्ता '/ऑप्ट/लोकल' झाला, तर प्रश्न सोपा आहे: मराठीचा पोर्ट (मॅकपोर्ट्सचं पॅकेज) घातलेला नाही. मॅकपोर्ट्समध्ये प्रत्येक भाषा वेगळी मागावी लागते.

एअरची साफसफाई अशी करा. आधी 'ब्रू लीव्ह्ज' चालवून यादी एका फाइलमध्ये ठेवा. यात फक्त वरची पॅकेजेस दिसतात, त्यांच्यामागे आलेली दिसत नाहीत. तुम्हाला हवी तीच. मग होमब्रूची अधिकृत अनइन्स्टॉल स्क्रिप्ट त्यांच्या गिटहबवरच्या 'इन्स्टॉल' रिपॉझिटरीतून घ्या आणि प्रथम '--ड्राय-रन' लावून चालवा. काय काय पुसलं जाणार ते ती दाखवते. '/यूएसआर/लोकल' हे फोल्डर अख्खं उडवायचा मोह आवरा. तिथे इतरांचाही माल असतो. मॅकटेक वापरत असाल तर '/यूएसआर/लोकल/टेक्सलाइव्ह' तिथेच आहे, आणि ते गेलं तर पुन्हा काही जीबी डाउनलोड.

हे पुसणं केवळ टापटिपीसाठी नाही. ॲपलचा क्लँग हेडर फाइल शोधताना '/यूएसआर/लोकल/इन्क्लूड' न सांगता बघतो. त्यामुळे मॅकपोर्ट्स एखादी गोष्ट सोर्सपासून बांधत असेल तर होमब्रूची हेडर आणि मॅकपोर्ट्सची लायब्ररी अशी भेसळ होऊ शकते. बांधणी पूर्ण होते, आणि महिन्याभराने 'लायब्ररी नॉट लोडेड' येतं. मॅकपोर्ट्सने तयार पॅकेज उतरवून घेतलं असेल तर ही भेसळ होत नाही. तुमच्याकडे कोणतं काय झालंय हे शोधत बसण्यापेक्षा ब्रू काढल्यावर 'सुडो पोर्ट रेव्ह-अपग्रेड' चालवा. तुटलेले दुवे शोधून ते पोर्ट ते स्वतः पुन्हा बांधतं. त्यानंतरही गडबड दिसली तर 'सुडो पोर्ट -एफ अनइन्स्टॉल इन्स्टॉल्ड' करून सगळे पोर्ट काढा आणि नव्याने घाला.

मग 'सुडो पोर्ट सेल्फअपडेट', आणि पुढे 'सुडो पोर्ट -बी इन्स्टॉल टेसरॅक्ट टेसरॅक्ट-एमएआर टेसरॅक्ट-ईएनजी'. तो '-बी' विसरू नका. त्याचा अर्थ 'तयार पॅकेज असेल तरच घे, नाहीतर थांब'. एअरवर नकळत कंपाइल सुरू होऊन दुपार जाण्यापेक्षा दोन मिनिटांत नकार मिळालेला बरा. नकार आला तर '-बी' काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काढलंत तर चार्जर लावा आणि रात्री सोडून द्या. शेवटी 'टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज' मध्ये 'एमएआर' दिसलं की झालं.

इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत एक अडचण येईल. मॅकपोर्ट्समध्ये सहावी आणि सातवी आवृत्ती असे वेगळे पोर्ट आहेत. होमब्रूत 'इमेजमॅजिक' म्हटलं की सातवी येते. सहाव्यात 'कन्व्हर्ट' ही कमांड, सातव्यात 'मॅजिक'. स्कॅन सरळ करायची एकच स्क्रिप्ट दोन्ही मशीनवर चालवायची असेल तर दोन्हीकडे सातवी ठेवा आणि स्क्रिप्टमध्ये 'मॅजिक' लिहा.

आता मिनी. तिथे नकार देत होतं ते होमब्रू बरोबर होतं, आणि रोझेटाचा उपाय चुकीचा. इंटेल मॅकवर होमब्रूचं घर '/यूएसआर/लोकल', ॲपल चिपवर '/ऑप्ट/होमब्रू'. मायग्रेशन असिस्टंटने इंटेलचं घर जसंच्या तसं उचलून आणलं. आता तुमचं टेसरॅक्ट एम४ वर इंटेलचा प्रोसेसर असल्याचं सोंग घेऊन चालतंय, म्हणून रखडतंय. शिवाय सर्वसाधारण वापरासाठीचं रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असं ॲपलने सांगितलेलं आहे.

आधी आहे त्याच टर्मिनलमध्ये 'ब्रू बंडल डंप --फाइल=~/ब्रूफाइल' चालवा (फाइलच्या नावातला पहिला बी कॅपिटल). ही साधी मजकुराची फाइल आहे. ती उघडून नको त्या ओळी काढा. मग टर्मिनल पूर्ण बंद करा. फाइंडरमध्ये ॲप्लिकेशन्स, युटिलिटीज, टर्मिनलवर 'गेट इन्फो', आणि 'ओपन युझिंग रोझेटा' ची खूण काढा. टर्मिनल पुन्हा उघडून 'युनेम -एम' टाका. 'एआरएम६४' आलं पाहिजे. 'एक्स८६_६४' आलं तर पुढे जाऊ नका, खूण अजून निघालेली नाही.

'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल' ने कमांड लाइन टूल्स घाला, मग होमब्रू. गिटहबवर त्याचं पीकेजी इन्स्टॉलरही मिळतं. स्क्रिप्ट चालवायला धाकधूक वाटत असेल तर ते घ्या. '.झेडप्रोफाइल' मध्ये '/ऑप्ट/होमब्रू/बिन/ब्रू शेलएन्व्ह' ची ओळ हवी; स्क्रिप्ट ती शेवटी छापून दाखवते आणि बरेच जण ती न वाचता खिडकी बंद करतात. एअरकडून आलेली '/यूएसआर/लोकल' ची तशीच ओळ असेल तर ती काढा. 'ब्रू --प्रिफिक्स' ने '/ऑप्ट/होमब्रू' म्हटलं की 'ब्रू बंडल इन्स्टॉल --फाइल=~/ब्रूफाइल'. सगळं नीट चाललं की मगच जुनं घर पाडा: तीच अनइन्स्टॉल स्क्रिप्ट, '--पाथ=/यूएसआर/लोकल' लावून. हा पर्याय विसरलात तर ती नव्या घरावर चालून जाऊ शकते, म्हणून इथेही आधी '--ड्राय-रन'.

मराठीसाठी होमब्रूत 'टेसरॅक्ट-लँग' हे वेगळं पॅकेज आहे. नुसत्या 'टेसरॅक्ट' बरोबर भाषा म्हणावी अशी इंग्रजीच येते. 'टेसरॅक्ट-लँग' सगळ्या भाषा एकदम आणतं, त्यामुळे शेकडो एमबी जातात. भाषा निवडून घ्यायची सोय मॅकपोर्ट्समध्ये आहे, इथे नाही. त्यातली मॉडेल 'फास्ट' प्रकारची असतात. जुन्या खिळेछपाईच्या पानांवर टेसरॅक्ट प्रकल्पाचं 'बेस्ट' मॉडेल करून बघा, हळू चालतं पण बरेचदा अक्षरं नीट ओळखतं. मात्र ती फाइल होमब्रूच्या किंवा मॅकपोर्ट्सच्या फोल्डरात घुसवू नका, पुढच्या अपग्रेडला ती दबली जाते. आपलं वेगळं फोल्डर करा आणि '--टेसडेटा-डीर' ने त्याचा पत्ता द्या.

तीन खात्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला होमब्रूकडे गोड उत्तर नाही. ज्या खात्यातून ते घातलं त्याच्याच मालकीचं ते फोल्डर असतं. दुसऱ्याने 'ब्रू इन्स्टॉल' केलं की 'फोल्डर रायटेबल नाही' म्हणतं. मग कोणीतरी 'सुडो चोन' करून मालकी स्वतःकडे घेतं, दुसऱ्या दिवशी तिसरा घेतो. हा खेळ नको. चालवायला मालकी लागत नाही, फक्त बदलायला लागते. तिघांच्याही '.झेडप्रोफाइल' मध्ये ती 'शेलएन्व्ह' ची ओळ घाला; सगळ्यांना टेसरॅक्ट वापरता येईल. इन्स्टॉल आणि अपग्रेड मात्र एकाच खात्यातून. तिघांनाही इन्स्टॉल करता आलंच पाहिजे, असा आग्रह असेल तर मिनीवरही मॅकपोर्ट्स घ्या. ते रूटच्या मालकीचं असतं, कोणीही ॲडमिन 'सुडो पोर्ट' म्हणून काम करू शकतो. आमच्या मते छोट्या वाचनालयात एकानेच इन्स्टॉल करावं, बाकीच्यांनी सांगावं.

तुमच्या कामात अपग्रेड या गोष्टीकडे जास्त लक्ष हवं. टेसरॅक्टची आवृत्ती बदलली की त्याच पानाचा मजकूर थोडा वेगळा येऊ शकतो. एका वर्षाचे अंक अर्धे एका आवृत्तीवर आणि अर्धे दुसरीवर, असं होऊ देऊ नका. 'टेसरॅक्ट --व्हर्जन' चं उत्तर नोंदवहीत लिहा. होमब्रू 'इन्स्टॉल' म्हटल्यावरही आधी स्वतःला अपडेट करतं आणि जोडीची पॅकेजेस पुढे नेतं. 'होमब्रू_नो_ऑटो_अपडेट=१' (नाव कॅपिटलमध्ये) प्रोफाइलमध्ये एक्स्पोर्ट केलंत तर ते आपणहून अपडेट होत नाही. 'ब्रू पिन टेसरॅक्ट' हा उपाय सगळीकडे सुचवला जातो, पण तो अर्धाच आहे: टेसरॅक्ट जागेवर राहतं, त्याच्याखालचं लेप्टोनिका पुढे सरकतं, आणि एक दिवस टेसरॅक्ट उघडतच नाही. एखाद्या वर्षाचे अंक हातात असताना 'ब्रू अपग्रेड' न करणं हाच खरा पिन.

मॅकपोर्ट्समध्ये मागे जाणं सोपं आहे. अपग्रेडनंतर जुनी आवृत्ती निष्क्रिय होऊन डिस्कवर राहते. 'पोर्ट इन्स्टॉल्ड टेसरॅक्ट' ने दोन्ही दिसतात, आणि 'सुडो पोर्ट ॲक्टिव्हेट टेसरॅक्ट' पुढे '@' लावून यादीत दिसते तशीच जुनी आवृत्ती लिहिली, उदाहरणार्थ '@५.३.४_०', की ती परत येते. फक्त जागा मोकळी करायला 'सुडो पोर्ट रिक्लेम' चालवलंत की या निष्क्रिय आवृत्त्याच आधी जातात. एअरची डिस्क लहान असेल तर कधीतरी रिक्लेम करावं लागेलच, तेव्हा एका संचाचं काम संपवून मग.

पायथनचं थोडक्यात. 'पिप इन्स्टॉल' वर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असा नकार आला तर '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लावू नका. नावातच सांगितलंय काय होणार ते. शोधता येणारी पीडीएफ बनवायला 'ओसीआरमायपीडीएफ' हवं असेल तर मिनीवर ते थेट 'ब्रू इन्स्टॉल' ने मिळतं, पिपची गरजच नाही. 'ओसीआरमायपीडीएफ -एल एमएआर' आणि पुढे दोन फाइलींची नावं, एवढंच.

फिंक २००० सालचं, डेबियनच्या धर्तीवरचं आणि एकेकाळी फार उपयोगी. आज नव्याने सुरुवात करायला नको, पॅकेजेसची निगा मंदावली आहे. निक्स या आणखी एका पॅकेज मॅनेजरबद्दल कोणी सांगेलच. दोन्ही मशीनवर तंतोतंत एकच आवृत्ती हवी असेल तर ते खरोखर चांगलं आहे, पण त्याची भाषा शिकायला जितका वेळ जाईल तितक्यात तुमचे बरेच अंक होऊन जातील.

एवढं करूनही एअरवर अडलं तर पूर्ण एरर, 'पोर्ट व्हर्जन' आणि 'व्हिच -ए टेसरॅक्ट' चं उत्तर कळवा. मिनीसाठी 'ब्रू कॉन्फिग' आणि 'ब्रू डॉक्टर' पुरे. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा. फोटोत फोल्डरचा पत्ता नेमका कडेला कापला जातो.